रिसबुडांचा आक्षेप आणि हरिभाऊंची यमू : मराठी कादंबरीतील स्वभावरेखनाचा उदय (१८५७–१८९३)

कल्पित पात्र खरे वाटावे म्हणजे नेमके काय घडावे लागते, हा प्रश्न साहित्यशास्त्राच्या ग्रंथांतून बहुधा तात्त्विक स्वरूपात मांडला जातो. पात्र सुसंगत असावे, संभवनीय असावे, त्याच्या कृतींना त्याच्या स्वभावाचा आधार असावा, असे नियम ॲरिस्टॉटलपासून सांगण्यात आलेले आहेत. आणि ते अयोग्य आहेत असे सहसा कोणी म्हणणार नाही. परंतु एखाद्या भाषेत, एका विशिष्ट काळी, खरी वाटणारी पात्रे का अवतरू लागली आणि त्यापूर्वी ती का अवतरत नव्हती, ह्याचा उलगडा ह्या नियमांवरून होत नाही. तो उलगडा इतिहासाकडेच मागावा लागतो.

मराठी कादंबरीच्या बाबतीत हा इतिहास सुदैवाने आटोपशीर आहे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. हरि नारायण आपटे ह्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून १८९० ते १८९३ ह्या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. ह्या दोन कृतींमध्ये अवघ्या एका पिढीचे अंतर आहे. दोहोंचा विषय सामान्यतः एकच, म्हणजे हिंदू स्त्रीची, त्यातही विधवेची स्थिती. दोहोंतील नायिकांची नावेदेखील जवळजवळ एकच आहेत. असे असूनही पदमनजींची यमुना आज केवळ वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला ठाऊक आहे, आणि हरिभाऊंची यमू मात्र एखाद्या परिचित कुटुंबातील मुलीप्रमाणे मराठी वाचकाच्या स्मरणात राहिली आहे. हे अंतर कसे पडले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वारशाने काय मिळाले होते ते पाहू. संस्कृत साहित्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार सांगितले. नायिकेचेही स्वीया, परकीया आणि सामान्या असे भेद करून वय व अवस्था ह्यांनुसार त्यांचे उपभेद पाडले. हे वर्गीकरण रसपरिपोषाच्या दृष्टीने केलेले आहे. अमुक रस उत्पन्न व्हावयाचा तर त्याला आलंबन म्हणून अमुक प्रकारची व्यक्ती हवी, असा त्याचा हेतू. तेव्हा त्या व्यक्तीचे एकमेवाद्वितीयत्व हा तेथे मुख्य प्रश्न नव्हता. आख्यानकाव्यांतील नल, दमयंती, सुदामा, हरिश्चंद्र ही पात्रे श्रोत्यांना पूर्वपरिचित असत. त्यांचे पुढे काय होणार हे सर्वांस ठाऊक असे, आणि कीर्तनकाराचे कौशल्य त्या ठाऊक असलेल्या गोष्टीला आपल्या घरातील रूप देण्यात दिसून येई. ही लहान गोष्ट नव्हे. सासुरवास, दारिद्र्य, पाहुणचार ह्यांची बारीक व अचूक चित्रे ह्या काव्यांत मिळतात. परंतु त्या चित्रांचा मालक पुराणातील पुरुष असे. शेजारच्या वाड्यातील मनुष्य नव्हे. मराठीने ह्या नव्या वाङ्मयप्रकाराला बाणभट्टाच्या नायिकेचे, म्हणजे 'कादंबरी' हे नाव दिले, ह्यात त्या प्रकाराविषयीची आरंभीची अपेक्षा पुरेशी व्यक्त झाली आहे. अद्भुत जन्म, लोकोत्तर सौंदर्य, दीर्घ विरह आणि अंती मीलन, ही ती अपेक्षा होय.

'यमुनापर्यटना'त ही अपेक्षा नाही, हे त्या ग्रंथाचे खरे वैशिष्ट्य. पदमनजींना अद्भुताशी कर्तव्य नव्हते. ग्रंथाच्या पूर्ण नावातच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा उद्देश सांगितलेला आहे. यमुना आणि तिचा पती विनायकराव प्रवास करतात, ठिकठिकाणी विधवांच्या हकीकती त्यांच्या कानी येतात, पुढे यमुनेवरही वैधव्य ओढवते आणि अखेरीस ती ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करून पुनर्विवाह करते. ग्रंथात वर्णन केलेले दुःख कल्पनेने रचलेले नाही. लेखकाने ते समाजात पाहिलेले आहे. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्ये मिळाली आणि पुढल्याच वर्षी हा ग्रंथ निघाला, हा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. तरीसुद्धा यमुना व्यक्ती म्हणून उभी राहत नाही. तिचे काम ऐकण्याचे आहे. ती ज्या घरात शिरते तेथील दुःख आपणांस दिसावे म्हणून ती शिरते. तिच्या जागी दुसरी कोणी विचारी स्त्री असती तरी त्या हकीकती तशाच सांगता आल्या असत्या. येथे माहिती खरी आहे, परंतु पात्र खरे नाही. म्हणजे विषयाची वास्तवता आणि पात्राची वास्तवता ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हा पहिला निष्कर्ष ह्या ग्रंथावरून काढावा लागतो.

ह्यानंतरच्या दशकात मराठी कादंबरी दुसऱ्याच वाटेने गेली. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबुड ह्यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. राजपुत्र, प्रधान, कपटी दरबारी, वियोग आणि पुनर्भेट ह्यांनी भरलेल्या ह्या कथा लोकांनी आवडीने वाचल्या. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतरामुळे अरबी कथाही मराठी वाचकांच्या घरी पोहोचल्या होत्या. ह्या साऱ्या वाङ्मयाला 'अद्भुतरम्य' असे नाव देऊन ते बाजूस सारण्याची आपल्याकडील रीत आहे. परंतु 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी आपल्या पद्धतीचे जे समर्थन केले आहे, ते इतक्या सहजी बाजूस सारता येत नाही. मराठीत स्वभावरेखनाच्या प्रश्नाची पहिली गंभीर मांडणी तेथेच आढळते, असे म्हणावयास हरकत नाही.

रिसबुडांच्या म्हणण्याचा आशय असा : आमच्या हिंदू लोकांतील विवाहाची व इतर रूढी अशा आहेत की, आमच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे गुण किंवा दुर्गुण आढळत नाहीत. रोज जे अनुभवास येते ते लिहावे तर त्यात रंजक असे काही असणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करणे भागच पडते.

ह्या विधानाची छाननी केली पाहिजे. त्याच्या मुळाशी एक अव्यक्त सिद्धान्त आहे. मनुष्याचा स्वभाव त्याने केलेल्या निवडीतून प्रकट होतो. ज्याला निवडच करावयाची नाही त्याचा स्वभाव प्रकट कसा व्हावा? रिसबुडांनी इंग्रजी कादंबऱ्यांचा जो प्रकार डोळ्यांपुढे ठेवला असेल, त्यात प्रौढ तरुण-तरुणी एकमेकांस भेटतात, पारखतात, चुकतात आणि ठरवितात. विवाह हे तेथे कथानकाचे गंतव्य असते, आणि त्या वाटेवर स्वभाव उलगडत जातो. आमच्याकडे आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा विवाह वडील माणसे ठरवीत. मुलाचे शिक्षण, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण ह्यांचा निर्णयही बहुधा घराण्याकडेच असे. जेथे कथानकाचे गंतव्य कथेच्या आरंभीच गाठलेले आहे, तेथे कथा कशाची सांगावयाची? रिसबुड आळशी लेखक होते म्हणून त्यांनी विमाने व राजवाडे आणले, असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांना एक खरी अडचण दिसली होती, आणि तिचे मूळ वाङ्मयात नसून समाजरचनेत आहे हेही त्यांनी अचूक ओळखले होते.

मात्र त्यांच्या विधानात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. स्वातंत्र्य नसेल तेथे आंतरिक जीवनही नसते, किंवा असले तरी ते सांगण्यासारखे नसते, हे ते गृहीत होय. कर्त्या पुरुषाच्या ओसरीवरून पाहणाऱ्याला माजघर एकसारखे दिसते. माजघरात बसणाऱ्या व्यक्तीला ते तसे दिसते काय, हा प्रश्न 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत उपस्थित झालेला नाही.

तो चौदा वर्षांनी उपस्थित झाला, आणि एका वाचक स्त्रीने केला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ मध्ये पुण्यास छापला गेला. सुरतेकडील विजयालक्ष्मी नामक विधवेवरील बालहत्येचा खटला आणि त्या निमित्ताने स्त्रीजातीवर झालेली टीका हे त्याचे निमित्त. ह्या निबंधात ताराबाईंनी तत्कालीन रंजक पुस्तकांची नावे घेऊन, त्यांत 'मुक्तामाला' व 'मंजुघोषा' ह्याही आल्या, पुरुष लेखकांनी रंगविलेल्या स्त्रियांविषयी तीव्र आक्षेप घेतला आहे. आपल्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. कादंबरीतील पात्र आणि प्रत्यक्षातील स्त्री ह्यांचा ताळा घालून पाहणारा आणि तो जमत नाही म्हणून लेखकाला जाब विचारणारा वाचक ह्या निबंधाने मराठीत प्रकट झाला. पात्र विश्वसनीय असले पाहिजे ही मागणी येथे वाङ्मयीन अभिरुचीतून आलेली नाही, तर अन्यायाच्या जाणिवेतून आलेली आहे. खोट्या पात्राने कोणाची तरी बदनामी होते, हा तिचा मथितार्थ.

दुसरी एक तयारी ह्याच सुमारास चालली होती. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी 'मोचनगड' लिहून कादंबरीला शिवकालाची भूमी मिळवून दिली. अद्भुताच्या जागी इतिहास आल्यामुळे पात्रांना निदान स्थळ आणि काळ प्राप्त झाले. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे भाषांतर 'विकारविलसित' ह्या नावाने प्रसिद्ध केले. हे नावच बोलके आहे. मनोविकारांचा विलास हा नाटकाचा विषय होऊ शकतो, आणि कृती लांबणीवर टाकणारा मनुष्य नायक होऊ शकतो, ही कल्पना धीरोदात्तादी वर्गीकरणात बसणारी नव्हती. न्यू इंग्लिश स्कूलमधून बाहेर पडलेल्या तरुण हरि नारायण आपटे ह्यांनी ह्या भाषांतराचे विस्तृत परीक्षण लिहिले. जो कादंबरीकार पुढे निष्क्रियतेला भाग पाडलेल्या एका मुलीला आपल्या श्रेष्ठ कृतीची नायिका करणार होता, त्याने आरंभीच्या काळात 'हॅम्लेट'चा असा बारकाईने अभ्यास केला होता, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

तथापि हरिभाऊंनाही हे उत्तर पहिल्या प्रयत्नात सापडलेले नाही. १८८५ मध्ये 'पुणेवैभवा'तून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'मधली स्थिती' ह्या कादंबरीत त्यांनी समकालीन पुण्याचे जीवन विषय म्हणून घेतले आणि अद्भुताची वाट सोडली. परंतु रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांचा ठसा तिच्यावर स्पष्ट आहे. दुर्व्यसने, ढोंगी साधू, कपटकारस्थाने ह्यांच्या साहाय्याने तिचे कथानक चालते. म्हणजे समकालीन जीवन रंजक करावयाचे तर त्यातील असामान्य प्रसंग निवडले पाहिजेत, इतपत रिसबुडांचा आक्षेप येथे अद्याप मान्य केलेला दिसतो. राजवाडे गेले, पण 'मनोरंजक' म्हणजे 'विलक्षण' हे समीकरण कायम राहिले.

१८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले तेव्हा महाराष्ट्रातील वातावरण तापलेले होते. मलबारींच्या १८८४ मधील टिपणांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्या प्रश्नांची चर्चा देशभर नेली होती. त्याच वर्षी सुरू झालेल्या रखमाबाईंच्या खटल्याने, संमतीवाचून झालेला विवाह स्त्रीवर बंधनकारक आहे काय, हा प्रश्न न्यायालयात नेला होता. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत निघून पुढल्या वर्षी पुण्यास आले होते. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली. त्यापूर्वी 'केसरी' आणि 'सुधारक' ह्यांच्यात झालेला वाद सर्वश्रुत आहे. ह्या वादात शास्त्रार्थ, कायदा, सरकारचा अधिकार, राष्ट्राची अस्मिता ह्यांविषयी पुष्कळ बोलले गेले. ज्या मुलींविषयी हा वाद चालला होता त्यांचा स्वतःचा आवाज मात्र त्यात क्वचितच ऐकू येई. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी ह्याच पोकळीत अवतरली.

आता यमूचे स्वभावरेखन कोणत्या साधनांनी सिद्ध झाले ते क्रमाने पाहू.

पहिले साधन निवेदनाचे. यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. पण केवळ प्रथमपुरुषी निवेदनाने पात्र जिवंत होते असे नव्हे. येथे सांगणारी यमू प्रौढ आहे, पुष्कळ भोगून चुकलेली आहे. आणि जिच्याविषयी सांगितले जाते ती यमू आरंभी अजाण बालिका आहे. ह्या दोन यमूंमधील अंतर लेखकाने जपले आहे. बालिकेला वडिलांची भीती वाटते, आईचे गप्प राहणे दिसते, पण त्या दोहोंचा संबंध तिला उमगत नाही. वाचकाला तो उमगतो. पात्राला जे कळत नाही ते आपणांस कळले की त्या पात्राविषयी आपल्या मनात एक प्रकारची जबाबदारी उत्पन्न होते. त्याला सावध करावेसे वाटते. पदमनजींच्या यमुनेला सर्व काही आधीच कळते, म्हणून तिच्याविषयी असे काही वाटत नाही. तेव्हा पात्राची विश्वसनीयता त्याच्या ज्ञानावर जितकी, तितकीच त्याच्या अज्ञानाच्या नेमक्या मर्यादेवरही अवलंबून असते, असे म्हणावे लागते.

दुसरे साधन भाषेचे. शास्त्रीबुवांच्या पंडिती गद्यात माजघराला जागा नव्हती. यमूची भाषा ही पुण्यातील मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबातील बायकांची बोलण्याची भाषा आहे. तिच्यात म्हणी आहेत, टोमणे आहेत, अर्धवट सोडलेली वाक्ये आहेत, नाते आणि वय ह्यांनुसार बदलणारी संबोधने आहेत. हरिभाऊंच्या निवेदनातील पाल्हाळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो दोष आहेच. परंतु ह्या पाल्हाळाचा काही भाग बोलीच्या स्वभावातून आलेला आहे. सांगता सांगता मागे वळणे, एकाच प्रसंगाला पुन्हा हात घालणे, 'हे सांगू की नको' असा संकोच करणे, ही आठवण सांगणाऱ्या माणसाची लकब आहे. ती छाटून टाकली तर कथानक आटोपशीर होईल, पण यमू पुसट होईल.

तिसरे साधन सर्वांत महत्त्वाचे, आणि रिसबुडांच्या आक्षेपाचे थेट उत्तर त्यात आहे. यमूला मोठ्या निवडी करावयाच्या नाहीत. तिचे लग्न ठरविले जाते. आईच्या मृत्यूनंतर घरात सावत्र आई आणली जाते. पतीचे घर, मुंबईचे बिऱ्हाड, वैधव्यानंतर परत सासरी येणे, ह्यांपैकी काहीही तिच्या इच्छेवर अवलंबून नाही. पण बोलावे की न बोलावे, रडू आवरावे की न आवरावे, पुस्तक कोणासमोर उघडावे, दादाला पत्रात किती लिहावे, अशा लहान निवडींनी तिचा दिवस भरलेला आहे. मोठे दरवाजे बंद असल्यामुळे ह्या लहान निवडींना विलक्षण वजन येते. पती रघुनाथरावांच्या प्रोत्साहनाने तिला वाचनाची गोडी लागते, तेव्हा इंग्रजी कादंबरीतील नायिकेच्या साहसाला जे स्थान असते तेच येथे एका पुस्तकाला मिळते. रिसबुडांना निवडीचे क्षेत्र शून्य दिसले होते. हरिभाऊंनी ते क्षेत्र अत्यंत संकुचित आहे असे दाखविले, आणि संकुचित असल्यामुळेच ते चित्तवेधक आहे हे सिद्ध केले. केशवपनाचा बलात्कार वाचकाला असह्य होतो तो केवळ त्या कृत्याच्या क्रौर्यामुळे नव्हे. लहान निवडींतून हळूहळू घडत आलेले एक व्यक्तित्व आपण तोपर्यंत ओळखू लागलेलो असतो, आणि त्याची उरलीसुरली इच्छाही तेथे हिरावून घेतली जाते.

चौथे साधन काळाचे. ही कादंबरी आठवड्या-आठवड्याने, सुमारे तीन वर्षे वाचकांपुढे येत होती. यमूबरोबर वाचकही वाढत होते. क्रमशः प्रकाशनामुळे रचनेत सैलपणा येतो हे खरे. पण दीर्घ सहवासाने जी ओळख होते ती त्याच पद्धतीने साधते. यमूची मैत्रीण दुर्गी हिची कथा ह्या दीर्घ पटावर समांतर चालते. तिच्या वाट्याला वाईट नवरा येतो, यमूच्या वाट्याला चांगला. आणि तरीही अखेर दोघींचीही गती दुःखाचीच होते. ह्या योजनेमुळे दुःखाचे कारण कोणा एका माणसाच्या दुष्टपणात शोधण्याची सोय उरत नाही. चांगल्या नवऱ्याच्या आयुष्यावर जर स्त्रीचे सारे मनुष्यत्व अवलंबून असेल, तर दोष व्यवस्थेचा आहे, हा निष्कर्ष लेखकाला बोलून दाखवावा लागत नाही.

आता ह्या चित्रणावर घेतले जाणारे आक्षेप पाहिले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, यमू ही सुधारकांची मुखपात्र आहे. तिच्या तोंडून हरिभाऊच बोलतात. काही प्रकरणांत हे घडते, हे मान्य केले पाहिजे. जेथे यमू समाजाला उद्देशून बोलू लागते तेथे तिचा आवाज बदलतो आणि तो 'सुधारका'तील लेखाच्या जवळ जातो. दुसरा आक्षेप इतर पात्रांविषयीचा. रघुनाथराव निर्दोष आहेत, आणि शंकरमामंजी सदोष ह्या शब्दाच्या पलीकडचे आहेत. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये केलेल्या 'सपाट' आणि 'गोलाकार' पात्रांच्या विभागणीनुसार ही दोन्ही पात्रे सपाट ठरतील.

ह्या दुसऱ्या आक्षेपाला मात्र एक उत्तर आहे. ही पात्रे आपणांस यमूच्या दृष्टीने दिसतात. ज्या पतीने तिला माणूस म्हणून वागविले आणि जो अल्पकाळात गेला, त्याच्या आठवणीत दोष उरणार नाहीत हे स्वाभाविक आहे. ज्याने तिचे आयुष्य उद्ध्वस्त केले त्याच्या अंतःकरणात शिरण्याचे औदार्य तिच्याकडून अपेक्षिणे कठीण आहे. निवेदिकेच्या दृष्टीची मर्यादा हीच पात्राच्या आकाराची मर्यादा होते. तथापि ह्या उत्तराने सर्व दोष झाकला जातो असे मानू नये. यमूच्या वडिलांच्या चित्रात उग्रपणाबरोबर कर्त्या पुरुषाची अगतिकताही क्वचित डोकावते. म्हणजे यमूच्या दृष्टीतूनही अधिक संमिश्र चित्र काढता येत होते. शंकरमामंजींच्या बाबतीत ते काढलेले नाही, आणि तेथे 'मधली स्थिती'मधील कपटकारस्थानांचा वारसा शिल्लक राहिलेला आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या चर्चेतून काय घ्यावे? एकोणिसाव्या शतकातील पुणेरी कुटुंबजीवनाचे साधन म्हणून ह्या कादंबरीचा आधार वारंवार घेतला जातो, आणि तो घेण्यास हरकत नाही. परंतु यमू खरी वाटते म्हणून तिची हकीकत साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे वापरणे धोक्याचे आहे. ती खरी वाटते ती निवेदनातील अंतर, बोली, लहान निवडी आणि दीर्घ काळ ह्यांच्या योजनेमुळे. ती योजना एका पुरुष लेखकाने, एका विशिष्ट वादाच्या ऐन भरात, एका साप्ताहिकाच्या वाचकांसाठी केलेली आहे. ताराबाई शिंद्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलेला निबंध आणि हरिभाऊंनी यमूच्या नावाने लिहिलेली कादंबरी ह्यांचे साधन म्हणून मूल्य भिन्न आहे. पहिल्यात एका स्त्रीचा क्रोध थेट मिळतो. दुसऱ्यात मिळते ते एवढेच की, १८९० च्या सुमारास मराठी वाचक एका सामान्य मुलीच्या अंतर्जीवनात तीन वर्षे रस घेण्यास तयार झाला होता. आमच्या मते हा पुरावा कमी मोलाचा नाही. चालीरीतींची माहिती इतर साधनांतूनही मिळते. वाचकाच्या सहानुभूतीचा विस्तार कोठवर झाला होता, हे मात्र अशा कृतीतूनच कळते.

ह्या विस्ताराची मर्यादाही नोंदविली पाहिजे. यमूचे जग सदाशिव-शनवार पेठांच्या वर्तुळातील आहे. त्या घरात पाणी भरणारी, भांडी घासणारी, सरपण आणणारी माणसे कथेच्या कडेने वावरतात. त्यांच्या मनात डोकावण्याचा प्रसंग येत नाही. रिसबुडांनी आपल्या वर्गातील जीवनाविषयी जे गृहीत धरले होते, तेच गृहीत हरिभाऊंच्या कादंबरीत खालच्या मानल्या गेलेल्या वर्गांविषयी अबाधित राहिले. सत्यशोधक परंपरेतील कृष्णराव भालेकरांनी 'बळीबा पाटील' लिहून आणि 'धनुर्धारी' ह्यांनी १९०३ मध्ये 'पिराजी पाटील' लिहून शेतकऱ्याला कादंबरीत आणले खरे; पण अण्णा भाऊ साठे ह्यांची 'फकिरा' १९५९ मध्ये आणि बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये येईपर्यंत त्या गृहीताला पुरेसा जोरकस धक्का बसला नाही. प्रत्येक वेळी आक्षेप तोच होता, की ह्या जीवनात सांगण्यासारखे काय आहे. आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर एका पात्राने दिले.

हरिभाऊंनी स्वतः 'मी' ह्या पुढील कादंबरीत हेच आत्मवृत्ताचे तंत्र भावानंद ह्या पुरुष पात्रासाठी वापरले. तेथे ध्येयवादाचे दडपण अधिक असल्याने नायकापेक्षा त्याची बहीण ताई अधिक जिवंत वाटते, ही गोष्ट आपल्या विवेचनाला पोषकच आहे. ताईच्या निवडी लहान आणि महाग आहेत. पुढे वामन मल्हार जोशी ह्यांनी 'रागिणी'त स्त्रीपात्रांना वादविवादाचा अधिकार दिला आणि 'इंदू काळे व सरला भोळे' ह्या १९३४ मधील कादंबरीत पत्ररूपाने अनेक दृष्टिकोन एकत्र आणले. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि स्त्रीच्या अंतर्जीवनाचे निवेदन स्त्रीच्या हाती आले. टोपणनावाची गरज भासावी, ह्यावरूनच त्या निवेदनाची किंमत काय होती हे समजते.

सारांश, मराठीत विश्वसनीय पात्राचा उदय परकीय नमुन्यांच्या अनुकरणाने झाला, किंवा समाजजीवन एकाएकी अधिक रंजक झाल्याने झाला, असे म्हणता येत नाही. १८६८ मध्ये जे जीवन रिसबुडांना सांगण्यास अयोग्य वाटले, तेच जीवन फारसे न बदलता १८९० मध्ये हरिभाऊंपुढे होते. बदलली ती लेखकाची बसण्याची जागा. ओसरी सोडून तो माजघराच्या उंबऱ्यापाशी गेला आणि तेथून जे दिसले व ऐकू आले ते त्याने तेथील भाषेत लिहिले. पात्राची सत्यता ही अशा रीतीने लेखकाने कोणाला ऐकून घेण्यास योग्य मानले, ह्या निर्णयाशी जोडलेली असते. म्हणूनच तंत्राचा अभ्यास करताना समाजेतिहास आणि समाजेतिहासाचा अभ्यास करताना तंत्र बाजूस ठेवता येत नाही. 'यमुनापर्यटन', 'मंजुघोषे'ची प्रस्तावना, 'स्त्रीपुरुषतुलना' आणि 'पण लक्षात कोण घेतो!' ही चार पुस्तके एकापुढे एक ठेवून वाचल्यास विद्यार्थ्यांना ह्याची प्रतीती येईल. आणि कादंबरीच्या नावात विचारलेला प्रश्न शासनाला किंवा शास्त्र्यांना जितका होता तितकाच कादंबरीकारांनाही होता, हेही त्यांच्या ध्यानात येईल.